घरच्या घरी छायाचित्रण : एका खिडकीपासून सुरुवात

छायाचित्रणाकडे नव्याने वळलेल्या बहुतेकांची समजूत अशी असते की, चांगला फोटो मिळवायचा तर डोंगर, समुद्र किंवा निदान एखादे अनोळखी शहर तरी समोर हवे. घरात टिपण्यासारखे असते तरी काय? प्रत्यक्षात शिकणाऱ्यासाठी घरासारखी दुसरी जागा नाही. बाहेर प्रकाश मिळेल तसा स्वीकारावा लागतो, ढग आला की थांबावे लागते आणि ऊन कडक झाले की परतावे लागते. घरात मात्र पडदा सरकवता येतो, दिवा मालवता येतो, वस्तू हातभर पुढेमागे करता येते आणि अशा प्रत्येक बदलाने चित्रात नेमका काय फरक पडला, हे तिथल्या तिथे पडताळून पाहता येते.

या कलेची सुरुवातच मुळी घराच्या खिडकीपाशी झालेली आहे. आद्य फ्रेंच संशोधक निसेफोर न्येप्स यांनी १८२६-२७च्या सुमारास फ्रान्समधील आपल्या घराच्या वरच्या मजल्यावरील खिडकीतून जे दृश्य टिपले, ते कॅमेऱ्याने घेतलेले आज उपलब्ध असलेले सर्वांत जुने छायाचित्र मानले जाते. इंग्रज संशोधक विल्यम हेन्री फॉक्स टॅलबट यांनी ऑगस्ट १८३५ मध्ये इंग्लंडमधील आपल्या लॅकॉक ॲबी या निवासस्थानी आतल्या बाजूने खिडकीचाच फोटो घेतला. त्याची निगेटिव्ह पोस्टाच्या तिकिटापेक्षा फार मोठी नाही. तरीही भिंगातून पाहिले असता खिडकीची सुमारे २०० तावदाने मोजता येत होती, अशी नोंद टॅलबट यांनी स्वतः तिच्याशेजारी करून ठेवली आहे.

पुढे दिलेले सगळे प्रयोग मोबाईलवर किंवा साध्या कॅमेऱ्यावर करता येतात. जिथे वेगळे साधन लागते, तिथे तसे सांगितले आहे. मात्र सगळ्या प्रयोगांना एक नियम समान आहे : एका वेळी प्रकाशाचा एकच उगम ठेवावा आणि एका वेळी एकच गोष्ट बदलावी. हा नियम पाळला नाही तर फोटो कधी चांगला येतो, कधी वाईट, आणि त्याचे कारण हाती लागत नाही.

सुरुवातीची तयारी

सर्वप्रथम लेन्स पुसावी. मोबाईल दिवसभर हातात आणि खिशात असल्यामुळे त्याच्या लेन्सवर बोटांचा तेलकटपणा बसलेला असतो आणि खिडकीसमोर धरल्याबरोबर चित्रावर धुरकट पांढुरका थर दिसतो; अनेकजण तो कॅमेऱ्याचा दोष समजतात. चष्म्याच्या मऊ कापडाने हलकेच पुसले की काम होते.

त्यानंतर मोबाईल स्थिर ठेवण्याची सोय करावी. ट्रायपॉड असल्यास उत्तम, नसल्यास पुस्तकांची चळत आणि तिला टेकवलेला मोबाईल एवढेही पुरते. बटण दाबताना बसणारा धक्का टाळण्यासाठी २ सेकंदांचा टायमर लावावा. कॅमेऱ्याच्या अॅपमध्ये पडद्यावर बोट काही क्षण दाबून धरले असता बहुतेक मोबाईलमध्ये फोकस आणि एक्स्पोजर (चित्र किती उजळ यावे याचे माप) दोन्ही जागच्या जागी कायम होतात आणि बोट खालीवर सरकवून चित्र उजळ किंवा गडद करता येते. ही एक गोष्ट अंगवळणी पडली तरी निम्मे काम झाले. कारण आपोआप ठरणारे एक्स्पोजर गडद दृश्य उजळवू पाहते आणि घरातल्या फोटोंची सगळी जान तर त्या गडदपणातच असते. झूमचा मोह मात्र टाळावा. चित्र मोठे हवे असल्यास एक पाऊल पुढे जावे.

खिडकीचा प्रकाश

जिच्यातून थेट ऊन आत येत नाही अशी खिडकी निवडावी आणि खोलीतील सगळे दिवे बंद करावेत. हे दुसरे पाऊल हमखास विसरले जाते. साध्या पिवळसर बल्बचा प्रकाश सुमारे २७०० ते ३००० केल्विनचा (केल्विन हे प्रकाशाची रंगछटा सांगणारे एकक) असतो आणि दिवसाचा प्रकाश सुमारे ५५०० केल्विनचा; दोन्ही एकाच वस्तूवर पडले की तिची एक बाजू नारिंगी आणि दुसरी निळसर दिसते. व्हाइट बॅलन्स (कॅमेऱ्याची रंग सावरण्याची सोय) कितीही बदलला तरी दोन्ही बाजू एकदम सुधारत नाहीत, कारण एक रंग सावरला की दुसरा अधिकच बिघडतो. दिवा बंद केला की प्रश्नच मिटतो.

आता खिडकीजवळ टेबल घेऊन त्यावर एकच वस्तू ठेवावी. तिला स्पष्ट आकार आणि थोडा खडबडीत पृष्ठभाग असावा. मातीचे भांडे, लसणाचा गड्डा, जुना बूट, वाळलेले पान यांपैकी काहीही चालेल. मागे काळा किंवा गडद राखाडी कागद उभा करावा. प्रथम खिडकी आपल्या पाठीशी ठेवून फोटो घ्यावा, मग खिडकी वस्तूच्या डाव्या किंवा उजव्या हाताला येईल असे उभे राहून, आणि शेवटी खिडकी वस्तूच्या मागे येईल अशा बेताने. तिन्ही चित्रे शेजारी शेजारी ठेवून पाहावीत. समोरून आलेल्या प्रकाशात वस्तूचा रंग स्वच्छ दिसतो, पण ती सपाट वाटते. बाजूच्या प्रकाशात प्रत्येक उंचवट्याला स्वतःची सावली मिळते आणि खडबडीतपणा हाताला जाणवेल इतका उठून दिसतो. मागच्या प्रकाशात कडा उजळतात आणि पान, काच, पाकळी अशा पारदर्शक किंवा अर्धपारदर्शक वस्तू आतून पेटल्यासारख्या दिसतात. माझ्या मते नवख्याने पहिले काही दिवस फक्त बाजूचा प्रकाश वापरावा, कारण वस्तूचा घाट कसा दिसतो हे तोच सर्वांत लवकर शिकवतो.

बाजूच्या प्रकाशात सावलीकडचा भाग फारच काळा वाटला तर तिथे पांढरा पुठ्ठा उभा करावा. पुठ्ठा वस्तूच्या जवळ आणला की सावली उजळते, दूर नेला की पुन्हा गडद होते. हा पुठ्ठा हळूहळू सरकवत पडद्यावर होणारा बदल पाहणे हा स्वतंत्र धडाच आहे. त्याच जागी काळा पुठ्ठा ठेवून पाहिल्यास याच्या नेमके उलट घडते. भिंतींवरून परतणारा प्रकाशही त्यामुळे अडतो आणि सावली अधिक खोल होते. पांढऱ्या पुठ्ठ्याचा उपयोग सगळे सांगतात, काळ्याचा फारसा कोणी सांगत नाही. पण पांढऱ्या भिंतींच्या लहान खोलीत प्रकाश सगळीकडून परतत असल्यामुळे तिथे काळाच अधिक कामी येतो.

अंतराचाही विचार करावा. लहानशा बल्बपासून वस्तूचे अंतर दुप्पट केले की तिच्यावरचा प्रकाश एक चतुर्थांश होतो. खिडकी आकाराने मोठी असल्यामुळे तिच्या अगदी जवळ हे गणित तंतोतंत लागू पडत नाही, परंतु दिशा तीच राहते : खिडकीलगत ठेवलेल्या वस्तूवर उजेड भरपूर पडतो आणि तिच्या मागची भिंत त्या मानाने पुष्कळ काळोखी दिसते, तर वस्तू खोलीच्या मध्यभागी नेली की ती आणि भिंत जवळजवळ सारख्याच उजळ दिसू लागतात. काळा कागद हाताशी नसला तरी गडद पार्श्वभूमी अशी केवळ अंतराच्या जोरावर मिळवता येते. सावल्यांच्या कडांचेही असेच आहे. वस्तूच्या मानाने खिडकी जितकी मोठी आणि जवळ, तितक्या सावल्या मऊ. पडदे दोन्ही बाजूंनी ओढून मध्ये वीतभर फट ठेवली की त्याच खिडकीचा प्रकाश करकरीत होतो.

चेक छायाचित्रकार योसेफ सुदेक यांनी १९४० ते १९५४ या काळात प्राग शहरातील आपल्या स्टुडिओची खिडकी वारंवार टिपली. कधी काचेवर वाफ साचलेली, कधी पाण्याचे ओघळ, कधी बर्फ, कधी ओट्यावर एखादा पेला. पहिल्या महायुद्धात त्यांनी उजवा हात गमावला होता आणि ते अवजड कॅमेऱ्यावर काम करत असत. विषय तोच, चौकट तीच आणि तरीही चित्रे निरनिराळी. एकच खिडकी ठरावीक जागेवरून सकाळी, दुपारी, पावसात आणि दिवेलागणीला टिपण्याचा उपक्रम नवख्यालाही सहज करता येईल. त्यासाठी मोबाईल ठेवण्याची जागा टेबलावर चिकटपट्टीने आखून ठेवावी म्हणजे चौकट हलत नाही.

कवडसे आणि सावल्या

थेट ऊन येणारी खिडकी असेल तर वेगळाच खेळ सुरू होतो. इथे विषय वस्तू नसून तिची सावली असते. काटा-चमचा, कात्री, चाळणी, चष्मा, पाण्याने भरलेला काचेचा पेला अशा वस्तू पांढऱ्या कागदावर ठेवून ऊन तिरपे असताना, म्हणजे सकाळी किंवा दुपार कलल्यावर, वरून फोटो घ्यावा. पाण्याच्या पेल्यातून प्रकाशाच्या वळणदार रेषा कागदावर उमटतात आणि पेला किंचित फिरवला की त्या सरकतात.

सावली रेखीव हवी असेल तर वस्तू कागदाच्या जवळ ठेवावी. यामागचे कारण साधे आहे : सूर्य आपल्याला बिंदूसारखा दिसत नाही, त्याच्या बिंबाची रुंदी आकाशात सुमारे अर्धा अंश असते. त्यामुळे कागदापासून एक मीटर दूर धरलेल्या वस्तूच्या सावलीची कड सुमारे ९ मिलिमीटर इतकी विरघळलेली दिसते, तर दहा सेंटिमीटरवर ती एक मिलिमीटरही नसते. चाळणीचे छिद्र कागदावर आधी स्पष्ट उमटते आणि चाळणी वर उचलत गेल्यावर त्याचा हळूहळू धूसर गोल होतो, तो याच कारणाने. हे छिद्र-छिद्र पाहत, चाळणी वरखाली करत घेतलेली चित्रांची मालिका एखाद्या चांगल्या नक्षीइतकी देखणी होते.

भिंतीवर किंवा जमिनीवर पडलेला कवडसा टिपताना एक्स्पोजर नेहमी त्या उजळ भागावर बोट दाबून कायम करावे आणि वाटल्यास आणखी थोडे कमी करावे. उरलेली खोली काळोखात गेली तरी बिघडत नाही. कवडसा फार वेळ एका जागी थांबत नाही, कारण सूर्य आकाशात तासाला १५ अंश सरकतो. म्हणून वस्तूंची मांडणी आधी करून ठेवावी आणि उन्हाची वाट पाहावी. सूर्यबिंबाकडे मात्र कॅमेऱ्याच्या दृश्यदर्शकातून कधीही पाहू नये.

साध्या वस्तू, अगदी जवळून

अमेरिकन छायाचित्रकार एडवर्ड वेस्टन यांनी १९३० मध्ये टिपलेली ढोबळी मिरची छायाचित्रणाच्या इतिहासात प्रसिद्ध आहे. वेगवेगळ्या पार्श्वभूमी वापरून समाधान न झाल्यावर त्यांनी ती मिरची पत्र्याच्या मोठ्या नरसाळ्यात ठेवली. नरसाळ्याच्या आतल्या वक्र पृष्ठभागामुळे तिला सर्व बाजूंनी मंद परावर्तित प्रकाश मिळाला आणि ती शिल्पासारखी दिसू लागली. अमेरिकेच्याच छायाचित्रकार इमोजेन कनिंगहॅम यांनी १९२०च्या दशकात मुले लहान असताना घराच्या बागेतल्या वनस्पतींचे जवळून फोटो घेतले, आणि त्यांचे मॅग्नोलियाच्या फुलाचे चित्र त्याच काळातले आहे. या दोघांनीही वस्तू ओळखीचीच निवडली आणि चौकटीतून बाकी सगळे काढून टाकले. नवख्याने हेच अनुकरण करावे.

मोबाईलने फार जवळ गेल्यास फोकस होत नाही किंवा काही मोबाईल आपोआप दुसऱ्या लेन्सवर जातात आणि चित्राचा दर्जा घसरतो. अशा वेळी थोडे मागे येऊन फोटो घ्यावा आणि नंतर कातरावा, किंवा वाचनासाठी वापरतात ते हातातले भिंग लेन्सला अगदी चिकटवून धरावे. भिंगामुळे फोकसची खोली (जेवढा भाग स्पष्ट येतो तो पट्टा) काही मिलिमीटरच उरते, म्हणून बोटाने फोकस शोधत बसण्याऐवजी मोबाईल अथवा वस्तू केसभर पुढेमागे सरकवावी. लेन्स बदलता येणारा कॅमेरा असेल तर ५० मिलिमीटरची लेन्स रिव्हर्स रिंगच्या (लेन्स उलटी जोडणाऱ्या कड्याच्या) साहाय्याने उलटी बसवून उत्तम मॅक्रो, म्हणजे अगदी जवळून घेतलेली, चित्रे मिळतात. मात्र लेन्सची उघडी मागची बाजू धुळीपासून जपावी.

पाणी, काच आणि तेल

काचेच्या गोल पेल्यात पाणी भरून त्यामागे तिरप्या पट्ट्यांचा कागद धरावा. कागद पेल्याला चिकटलेला असताना पट्ट्या केवळ रुंद दिसतात. तो मागे नेत गेले असता पेल्याच्या निम्म्या रुंदीइतके अंतर पार केल्यावर पट्ट्यांचा कल एकदम उलटतो, कारण पाण्याचा गोल स्तंभ भिंगाचे काम करतो आणि प्रकाशकिरण एकमेकांना छेदून पुढे जातात. पट्ट्या उभ्या असतील तर हा पालट लक्षात येत नाही, म्हणून तिरप्याच घ्याव्यात. काही पेले रिकामे, काही अर्धे आणि काही पूर्ण भरून एका ओळीत ठेवले की एकाच चौकटीत सरळ, तुटलेल्या आणि उलट्या रेषा मिळतात.

तेल-पाण्याच्या प्रयोगासाठी काचेचे सपाट तळाचे भांडे पुस्तकांच्या दोन चळतींवर सुमारे २० सेंटिमीटर उंच ठेवावे. खाली रंगीत कागद किंवा नक्षीदार कापड पसरून त्यावर टेबल-लॅम्पचा प्रकाश सोडावा. भांड्यावर वरून प्रकाश पडू देऊ नये, अन्यथा पृष्ठभागावर छताचे प्रतिबिंब दिसते. भांड्यात बोटभर पाणी घ्यावे, त्यात भांडी घासण्याच्या द्रवाचा एक थेंब मिसळावा, बुडबुडे विरेपर्यंत थांबावे आणि मग खाद्यतेलाचे काही थेंब सोडावेत. कॅमेरा पाण्याच्या पृष्ठभागाला समांतर असावा, नाहीतर चित्राचा एकच पट्टा स्पष्ट येतो. फोकस तेलाच्या थेंबांच्या कडेवर असावा, खालच्या कागदावर नाही. कागद बदलला की चित्र पूर्ण बदलते. हा प्रयोग हमखास यशस्वी होतो. पण खरे सांगायचे तर तो लवकर कंटाळवाणाही होतो, कारण सगळ्यांची चित्रे सारखीच दिसतात.

पाण्याचा पडता थेंब गोठवून टिपण्याचे आकर्षण बहुतेकांना असते. अमेरिकन अभियंते हॅरॉल्ड एजर्टन यांनी १९५७ मध्ये टिपलेला दुधाच्या थेंबाचा मुकुट जगभर पोचला. त्यामागची किमया शटरची (ठरावीक वेळ उघडून प्रकाश आत सोडणाऱ्या झडपेची) नव्हती. ती होती अतिशय अल्पकाळ चमकणाऱ्या फ्लॅशची. आजचे साधे फ्लॅशसुद्धा पूर्ण ताकदीवर न चालवता १/१६ किंवा १/३२ ताकदीवर लावले तर त्यांची चमक सुमारे १/१०,००० सेकंदाच्या आसपास येते. पाणी भरलेली प्लास्टिकची पिशवी टांगून तिला टाचणीने बारीक भोक पाडावे, खाली पसरट भांडे ठेवावे, थेंब जिथे पडतो तिथे पेन्सिल आडवी धरून मॅन्युअल, म्हणजे हाताने, फोकस करावा आणि पेन्सिल काढून घ्यावी. खोली अंधारी करून शटर १/२०० सेकंद, ॲपर्चर (लेन्समधल्या छिद्राचा आकार) एफ ८ ते एफ ११ आणि आयएसओ (प्रकाशाबाबतची संवेदनशीलता) ४०० ठेवावा. फ्लॅश थेंबावर रोखण्याऐवजी मागच्या पांढऱ्या कागदावर रोखावा. फ्लॅश आणि वायरी पाण्यापासून दूर असल्याची खात्री आधी करावी. मोबाईलवर हे साधत नाही. तिथे भरपूर उजेडात स्लो-मोशन चित्रफीत घेऊन तिच्यातील एखादी चौकट निवडणे एवढाच पर्याय उरतो.

पारदर्शक प्लास्टिकमधील दडलेले रंग

घरातल्या प्रयोगांमध्ये सर्वाधिक थक्क करणारा प्रयोग मला हाच वाटतो, आणि त्याला लागणारे साहित्य मोजके आहे : एलसीडी पडदा असलेला लॅपटॉप किंवा मॉनिटर, पोलराइज्ड गॉगल अथवा पोलरायझर फिल्टर (ठरावीक दिशेने कंप पावणाऱ्या प्रकाशालाच वाट देणारी काच), आणि पारदर्शक प्लास्टिकची पट्टी, चमचा किंवा सीडीची डबी. पडद्यावर पूर्ण पांढरे चित्र आणून खोलीत अंधार करावा. गॉगलची काच लेन्ससमोर धरून हळूहळू फिरवावी. एका विशिष्ट कोनात पांढरा पडदा जवळजवळ काळा पडतो, कारण एलसीडी पडद्याचा प्रकाश एकाच प्रतलात कंप पावत असतो आणि त्या कोनात काच तो अडवते. काच तशीच धरून पडदा आणि लेन्स यांच्या मध्ये प्लास्टिकची वस्तू आणावी. काळ्या पार्श्वभूमीवर तिच्यात इंद्रधनुष्यी पट्टे उमटतात. साच्यात ओतताना आणि थंड होताना प्लास्टिकमध्ये जो ताण अडकून राहतो, त्याचेच हे रंगीत चित्र असते. म्हणून कोपऱ्यांपाशी आणि छिद्रांभोवती रंग दाटतात. ओएलईडी प्रकारच्या पडद्यावर हा प्रयोग जमेलच असे नाही.

अंधार आणि एक टॉर्च

रात्री खोलीत पूर्ण अंधार करून शटर दीर्घकाळ उघडे ठेवावे आणि टॉर्चने वस्तू रंगवावी, असा हा प्रकार आहे. कॅमेरा पक्का बसवून आयएसओ १००, ॲपर्चर एफ ८ आणि शटर २० ते ३० सेकंद ठेवावे. दिवा चालू असतानाच फोकस करून तो मॅन्युअलवर न्यावा, कारण अंधारात कॅमेऱ्याला फोकस सापडत नाही. मोबाईलमध्ये प्रो मोड असल्यास हीच आकडेवारी वापरावी, मात्र ॲपर्चर बहुधा बदलता येत नसल्याने टॉर्चचा प्रकाश कमी करावा लागतो. टॉर्चभोवती काळ्या कागदाची नळी गुंडाळली म्हणजे प्रकाश इकडेतिकडे सांडत नाही. शटर उघडल्यावर टॉर्च वस्तूच्या बाजूने आणि मागून फिरवावी, कॅमेऱ्याच्या दिशेने नाही, आणि हात सतत हलता ठेवावा. तो थांबला की तिथे जळका पांढरा डाग पडतो. वाद्य, फुलांचा गुच्छ, पुस्तकांचा ढीग अशा वस्तूंवर हे तंत्र खुलते, कारण कोणता भाग किती उजळायचा हे प्रत्येक वेळी नव्याने ठरवता येते.

दिव्यांच्या उजेडात फोटो घेताना चित्रावर कधीकधी आडवे काळे पट्टे येतात. वीजपुरवठा ५० हर्ट्झचा असेल तर अनेक दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. शटर १/५० किंवा १/१०० ठेवल्यास हे पट्टे बहुधा नाहीसे होतात. ६० हर्ट्झच्या पुरवठ्यात हेच आकडे १/६० आणि १/१२० होतात.

खोलीलाच कॅमेरा करणे

हा प्रयोग खटपटीचा असला तरी तो एकदा तरी करावाच, कारण कॅमेरा म्हणजे काय हे त्यातून जितके कळते तितके कोणत्याही पुस्तकातून कळत नाही. क्यूबामध्ये जन्मलेले अमेरिकन छायाचित्रकार अबेलार्डो मोरेल यांनी १९९१ पासून अशा खोल्यांची चित्रे घेतली. सुरुवातीला त्यांना फिल्मवर एका चित्रासाठी कित्येक तासांचे एक्स्पोजर द्यावे लागत असे. डिजिटल कॅमेऱ्याने तो काळ पुष्कळ कमी केला आहे.

जिच्या खिडकीबाहेर स्वच्छ उन्हात न्हालेले दृश्य आहे, पण खिडकीवर थेट ऊन नाही, अशी खोली निवडावी. खिडकी जाड काळ्या प्लास्टिकने किंवा पुठ्ठ्याने पूर्ण झाकावी, सगळ्या कडा चिकटपट्टीने बंद कराव्यात आणि दाराखालच्या फटीत कापड सारावे. त्यानंतर पुठ्ठ्याच्या मध्यभागी एक ते दीड सेंटिमीटर व्यासाचे गोल भोक कापावे. समोरची भिंत दोन-तीन मीटरवर असावी आणि फिकट रंगाची असावी. तशी नसल्यास पांढरी चादर ताणून टांगावी. डोळे अंधाराला सरावेपर्यंत दहा-एक मिनिटे शांत बसावे. बाहेरची झाडे, इमारती आणि आकाश भिंतीवर डोके खाली आणि पाय वर अशा अवस्थेत दिसू लागतात, आणि रस्त्यावरून जाणारी वाहने छताजवळून सरकत जातात.

भोक लहान केले तर प्रतिमा रेखीव होते पण मंद पडते. मोठे केले तर उजळ होते पण धूसर होते. चादर भोकाजवळ आणली की प्रतिमा लहान आणि अधिक उजळ होते. या तीन गोष्टींचा मेळ आपल्या खोलीत कुठे बसतो, हे स्वतः करून पाहण्याखेरीज गत्यंतर नाही. फोटो घेण्यासाठी कॅमेरा भोकाच्या किंचित खाली, भिंतीकडे तोंड करून स्थिर बसवावा. आयएसओ १६०० आणि ॲपर्चर एफ ४ असताना ५ ते ३० सेकंदांचे एक्स्पोजर सहसा पुरते. मोबाईलचा नाइट मोडही स्थिर ठेवल्यास समाधानकारक चित्र देतो. फोटो १८० अंशांत फिरवून पाहिला तर बाहेरचे दृश्य सरळ होते आणि खोलीतले सामान उलटे लटकू लागते. मात्र दृश्य आरशातल्यासारखे डावे-उजवे बदललेले राहते, त्यामुळे त्यात एखादी पाटी असेल तर तिची अक्षरे उलटी दिसतात. चौकटीत पलंग, खुर्ची किंवा कपाट आवर्जून येऊ द्यावे, कारण रिकाम्या भिंतीवरच्या प्रतिमेपेक्षा उशीवर पसरलेले आकाश कितीतरी अधिक बोलके असते.

घरातली माणसे

माणसांचे फोटो वेगळ्या लेखाचा विषय आहेत. इथे एवढेच सांगतो की, खिडकीच्या प्रकाशाबद्दल वर लिहिलेले सगळे माणसालाही लागू पडते. खिडकीकडे तिरपे तोंड करून बसवावे, नाकाची सावली गालावर कुठे पडते ते पाहावे आणि फोकस खिडकीकडच्या डोळ्यावर ठेवावा. दुसरे कोणी बसायला तयार नसेल तर स्वतःचा फोटो घ्यावा. त्यासाठी बसण्याच्या जागी झाडू किंवा दिव्याचा स्टँड उभा करून त्यावर फोकस कायम करावा, १० सेकंदांचा टायमर लावावा आणि स्टँड हटवून तिथे जाऊन बसावे. चेहऱ्याऐवजी केवळ हात, पाठमोरी आकृती किंवा भिंतीवरची सावली टिपली तर कॅमेऱ्यासमोरचा संकोचही आपोआप कमी होतो.

निवड आणि संस्कार

फोटो काढून झाल्यावर लगेच निवड करू नये. एक रात्र जाऊ द्यावी आणि मग एकाच प्रयोगातील चित्रे मोठ्या पडद्यावर ओळीने पाहावीत. प्रत्येक प्रयोगातून एकच चित्र ठेवावे. दोन ठेवावीशी वाटली तर त्यांच्यात नेमका कोणता फरक आहे हे शब्दांत लिहून पाहावे, म्हणजे त्यातले एक आपोआप मागे पडते. संपादनात चित्र कातरणे, उजळपणा ठरवणे आणि व्हाइट बॅलन्स सुधारणे या तीन गोष्टींपलीकडे सुरुवातीला जाऊ नये. तयार फिल्टर तर टाळावेतच. खिडकी, पुठ्ठा आणि अंतर यांनी जे घडवले ते त्यांच्याखाली झाकले जाते आणि कोणत्या बदलाने काय झाले हे पुन्हा ओळखता येत नाही. राखून ठेवलेल्या चित्राच्या माहितीत वेळ, प्रकाशाची दिशा आणि पुठ्ठा वापरला असल्यास त्याचा रंग नोंदवावा, म्हणजे तेच चित्र पुन्हा हवे झाल्यास मांडणी पाच मिनिटांत उभी करता येते.